हायब्रिडचं खरं ॲव्हरेज: मोजायचं कसं, वाढवायचं कसं

मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर विजेची मोटरही असलेल्या मॉडेलसाठी कंपन्या सांगतात तो आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. तीच गाडी चालवणारा एक जण १७ चं ॲव्हरेज सांगतो, दुसरा २४ चं, आणि दोघंही खरं बोलत असतात. साध्या पेट्रोल गाडीच्या दोन मालकांमध्ये एवढी तफावत सहसा पडत नाही. हायब्रिडमध्ये पडते, कारण इंजिन कधी चालू राहणार आणि कधी बंद, हे तुमचा रस्ता, वेग, फेरीची लांबी, एसी आणि उजवा पाय मिळून ठरवतात. त्यामुळे शेजाऱ्याचा आकडा तुमच्या फारसा उपयोगाचा नाही. तुमचा स्वतःचा आकडा नीट काढायचा, आणि मग तो कुठे वाढतो ते बघायचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी गाडी कोणती आहे ते बघा

आपल्याकडे ‘हायब्रिड’ हे नाव दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या गाड्यांना लागतं. मारुतीच्या ब्रेझा, अर्टिगासारख्या गाड्यांमधली ‘स्मार्ट हायब्रिड’ ही माइल्ड हायब्रिड आहे. तिच्यातली छोटी मोटर इंजिनला हातभार लावते, सिग्नलला बंद पडलेलं इंजिन अलगद चालू करते, पण एकटीच्या जोरावर गाडी हलवू शकत नाही. ग्रँड विटारा, हायरायडर आणि व्हिक्टोरिसचं स्ट्राँग हायब्रिड मॉडेल, इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड, तिचीच जुळी इन्व्हिक्टो आणि होंडा सिटी ई:एचईव्ही या स्ट्राँग हायब्रिड. यांत इंजिन पूर्ण बंद असताना नुसत्या मोटरवर गाडी चालते.

सेकंडहँड गाडी घेताना हे तपासायलाच हवं, कारण जाहिरातीत दोन्ही प्रकार सर्रास ‘हायब्रिड’ म्हणूनच लिहिलेले असतात. चालवून बघा. इंजिन एकदा गरम झाल्यावर सोसायटीच्या आवारात हलक्या पायाने गाडी काढली आणि ती इंजिनाच्या आवाजाशिवाय सरकली, डॅशबोर्डवर ‘ईव्ही’चा दिवा लागला, तर ती स्ट्राँग हायब्रिड. खाली लिहिलेलं सगळं स्ट्राँग हायब्रिडबद्दल आहे.

या गाड्यांना चार्जर लागत नाही. बॅटरी अगदी छोटी असते, हायरायडरमध्ये ०.७६ युनिटची. घरातला दीड टनाचा एसी तासाभरात जेवढी वीज खातो, त्याहून ही कमी. तिचं काम लांब पल्ला गाठायचं नाही. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा साठवायची, आणि रखडत चाललेल्या ट्रॅफिकमध्ये, जिथे पेट्रोल इंजिन सगळ्यात उधळपट्टी करतं, तिथे त्याला बंद ठेवायचं, एवढंच. हे ध्यानात ठेवलं की पुढचे बहुतेक नियम आपोआप सुचतात.

२७.९७ आला कुठून

गाडीची अधिकृत मायलेज चाचणी रस्त्यावर होत नाही. पुण्यात कोथरूडला असलेल्या एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरवून दिलेल्या तक्त्याप्रमाणे चालवतात. हा तक्ता ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांपेक्षाही थोडा कमी. त्यात वेग ९० च्या वर कधीच जात नाही. एसी बंद, चढ नाही, खड्डे नाहीत, मागे तीन माणसं आणि डिकीत बॅगा नाहीत. वेग हळूहळू वाढतो, हळूहळू उतरतो, मधे मधे गाडी उभी राहते. हायब्रिडला मानवणारी हीच चाल आहे, त्यामुळे तिचा आकडा साध्या गाडीपेक्षा जास्त फुगतो.

दोन गाड्यांची आपसात तुलना करायला हा आकडा ठीक आहे. त्यावरून महिन्याचं पेट्रोल काढू नका. रोजच्या मिश्र वापरात, एसी लावून, ग्रँड विटारा-हायरायडर आणि सिटी हायब्रिडला साधारण १८ ते २३ धरावं. इनोव्हा हायक्रॉसचा कागदावरचा आकडा २३.२४ आहे. आठ माणसांची एवढी मोठी गाडी प्रत्यक्षात १३ ते १७ देते, आणि माझ्या मते तेही उत्तम आहे.

मोजणी: पंपावर काय करायचं

डॅशबोर्डवरचा आकडा ही सुरुवात आहे, पुरावा नव्हे. बऱ्याच गाड्यांत तो प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त दाखवतो. खरी मोजणी टाकी फुल ते टाकी फुल.

पहिल्या दिवशी टाकी फुल करा, डॅशबोर्डवरचा फेरीचे किलोमीटर मोजणारा मीटर, ट्रिप ए, शून्यावर आणा, आणि ओडोमीटरचा फोटो काढा. पंपावरचा माणूस ‘झीरो बघा’ म्हणेल तेव्हा झीरोबरोबर पंपाचा नंबरही बघून ठेवा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर या. आणि नोझल लावायच्या आधीच सांगा: ‘पहिल्या ऑटो कटला थांबा, राउंड फिगर करू नका.’ हे सांगितलं नाही तर काय होतं बघा. टाकी भरून नोझल आपोआप बंद झालं, म्हणजे कट झाला, तेव्हा मशीनवर ३,४१२ रुपये आहेत. सवयीने तो नोझल जरा वर ओढतो, थेंब थेंब सोडत ३,५०० वर नेतो. १०४ रुपये भावाने हे वरचे ८८ रुपये म्हणजे पाऊण लिटरहून जास्त पेट्रोल. टाकीवर ६४० किलोमीटर झाले असतील तर खरं ॲव्हरेज १९.५, आणि राउंड फिगरने ते १९ वर आलं. गाडीत काहीही बदललेलं नाही.

हजार रुपयांचं पेट्रोल टाकून ॲव्हरेज काढणाऱ्यांचं गणित तर यात पार बिघडतं. हजार रुपयांत साडेनऊ लिटरच्या आसपास पेट्रोल येतं, तेवढ्यात पाऊण-एक लिटर इकडचं तिकडे झालं की आकडा आठ-दहा टक्क्यांनी हलतो. टाकी निदान दोन-तृतीयांश रिकामी झाल्यावरच भरा.

एका टाकीवर निष्कर्ष काढू नका, निदान तीन टाक्या घ्या. आणि तीन ॲव्हरेजची सरासरी काढायची नाही. सगळे किलोमीटर एकत्र करा, सगळे लिटर एकत्र करा, मग भागा. समजा पहिल्या टाकीला ६४० किलोमीटर आणि ३२.८ लिटर, दुसरीला ५९० आणि ३३.५, तिसरीला ७०० आणि ३३.७. एकूण १,९३० किलोमीटर, १०० लिटर. तुमचं ॲव्हरेज १९.३.

याच काळात डॅशबोर्ड २०.४ दाखवत असेल, तर तो साधारण पाच-सहा टक्के जास्त दाखवतो हे कळलं. हा फरक लिहून ठेवा. पुढे प्रत्येक फेरीचा डॅशबोर्डवरचा आकडा त्या हिशेबाने खाली आणला की काम भागतं, दर वेळी पंप गाठायला नको. ओडोमीटरही एकदा हायवेवर ५० किलोमीटरच्या अंतरात फोनच्या नकाशाशी ताडून बघा. टायरचा साइज बदलला असेल तर हे करावंच लागेल.

फेऱ्या वेगवेगळ्या लिहा

आता तसाच दुसरा मीटर, ट्रिप बी, वापरात आणा. एक वही किंवा फोनमधली नोंद पुरे: तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज, एसी, माणसं किती. ऑफिसची फेरी, जवळची कामं आणि बाहेरगावचा प्रवास या तीन गोष्टी एकत्र मिसळू नका.

महिनाभरात बहुतेकांना एक गोष्ट खटकते: सगळ्यात वाईट आकडा जवळच्या कामांचा येतो. भाजी, शाळा, दवाखाना, दोन-दोन किलोमीटर. अशा फेरीत डॅशबोर्ड कधी १०, कधी १२ दाखवतो आणि माणूस घाबरतो. गाडीत बिघाड नसतो. थंड इंजिनाला स्वतः गरम व्हायचं असतं आणि सायलेन्सरच्या मार्गातल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही गरम करायचं असतं, म्हणून बॅटरी भरलेली असली तरी सुरुवातीला ते चालूच राहतं. ते गरम होऊन गप्प बसेपर्यंत तुम्ही पोचलेले असता. थंडीत सकाळी हे आणखी जाणवतं.

उपाय सोपा आहे. चार कामं चार वेळा निघून करण्यापेक्षा एका फेरीत करा, आणि लांबचं काम आधी ठेवा. इंजिन एकदा गरम झालं की नंतरच्या छोट्या थांब्यांनंतर ते लगेच बंद होतं. गाडी चालू करून दारात उभी राहून ‘गरम’ करू नका. बसा, पट्टा लावा, निघा, आणि पहिला किलोमीटरभर पाय हलका ठेवा.

शहरात: पाय कसा ठेवायचा

शहर हेच हायब्रिडचं खरं मैदान. चांदणी चौकातून हिंजवडीकडे संध्याकाळी रांगत जाताना किंवा घोडबंदर रोडवर अडकल्यावर साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकचं ॲव्हरेज ९-१० वर येतं, आणि हायब्रिड त्याच गर्दीत २० च्या आसपास राहू शकते. पण आपोआप नाही.

डॅशबोर्डवर इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरच्या जागी चार्ज, इको आणि पॉवर असे भाग असलेला काटा असतो. सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. नवे मालक इंजिन चालूच होऊ नये म्हणून पाय इतका हळू दाबतात की मागचे हॉर्न वाजवून बेजार होतात. गाडी मोटरवर रखडत वेग घेते, बॅटरी उतरते, आणि मग इंजिन उभ्या गाडीत नुसती बॅटरी भरायला चालू होतं. पेट्रोलपासून वीज, विजेपासून पुन्हा गती, या प्रत्येक पायरीवर काही ना काही वाया जातं.

त्यापेक्षा असं करा. सिग्नल सुटला की इकोच्या वरच्या भागात काटा ठेवून, इंजिन चालू होऊ देऊन, गाडी सरळ ४०-५० च्या वेगावर न्या. या इंजिनांची रचनाच अशी आहे की मध्यम भारावर ती सगळ्यात कमी पेट्रोलमध्ये सगळ्यात जास्त काम देतात. वेग आला की पाय पूर्ण उचला. इंजिन बंद पडेल. मग अगदी हलका पाय टेकवा, तोच वेग मोटर सांभाळेल. पुढचा सिग्नल लाल दिसला की तिथूनच पाय काढा.

ब्रेक मारण्याची वेळ ही हायब्रिडच्या कमाईची वेळ आहे. हळू आणि लांबून ब्रेक दाबला तर मोटर जनरेटर होते आणि ऊर्जा बॅटरीत परत जाते. अचानक जोरात दाबला तर मोटरला तेवढी शक्ती एका दमात घेता येत नाही, उरलेली ब्रेक पॅड घासून उष्णतेत जाते. ब्रेक दाबताना काटा चार्जच्या भागात राहतो का, तो टोकाला जाऊन अडकतो का, हे दोन-तीन दिवस बघा. पाय आपोआप शिकतो. पुढच्या गाडीपासून एक गाडीचं अंतर जास्त ठेवलंत की अर्ध काम झालं. त्या मोकळ्या जागेत रिक्षा घुसणार, दुचाकी घुसणार. घुसू द्या.

दोन बारीक पण महत्त्वाच्या गोष्टी. सिग्नलला न्यूट्रलमध्ये टाकायची जुनी सवय सोडा. टोयोटाच्या हायब्रिड यंत्रणेत न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्जच होत नाही. डी मध्येच ठेवा, ब्रेक दाबून धरा किंवा ब्रेक होल्ड लावा. आणि ‘ईव्ही’ बटण असेल तर ते पहाटे आवाज न करता गाडी पार्किंगमधून काढायला आहे. पेट्रोल वाचवायला ते दाबू नका, तो निर्णय गाडी तुमच्यापेक्षा चांगला घेते.

हायवेवर काय अपेक्षा ठेवायची

एकसारख्या वेगात ब्रेकच लागत नाही, म्हणजे परत मिळवायला ऊर्जाही नाही, आणि इंजिन बहुतेक वेळ चालूच. इथे हायब्रिडची आघाडी कमी होते, आणि वेग वाढेल तसा हवेचा रेटा तिला खातो. हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे. त्या वेगाला ९० च्या मानाने हवेचा रेटा पावणेदोन पट होतो. अधिकृत चाचणी ९० वरच थांबते हे आठवा, म्हणजे समृद्धीवर आकडा १५-१६ वर का उतरला याचं उत्तर मिळेल.

क्रूझ कंट्रोल लावून ८५-९० धरलं तर याच गाड्या २० च्या वर राहतात. छतावर कॅरिअर असेल आणि लागत नसेल तर काढून ठेवा. काचा उघड्या ठेवून हायवेवर पळण्यापेक्षा एसी परवडतो.

घाट

खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत चढ सुमारे ५०० मीटरचा. गाडी आणि माणसं मिळून १,५५० किलो धरली तर एवढं वजन वर न्यायला २.१ युनिट ऊर्जा लागते, म्हणजे सपाटीपेक्षा साधारण अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल जादा. बॅटरी आहे ०.७६ युनिटची, आणि तीही पूर्ण वापरता येत नाही. त्यामुळे घाटाच्या सुरुवातीला मोटर मदत करते, मग बॅटरी उतरते आणि इंजिन मोठ्याने ओरडतं. पाय आणखी दाबून काही साधत नाही. जड वाहनांच्या मागे न अडकता एकसारखा, मर्यादेतला वेग ठेवा.

उतरताना उलटं. तीच २.१ युनिट आता परत मिळू पाहतात. थोडी हवेत आणि टायरमध्ये जातात, तरी उरतात ती बॅटरीच्या पोटात मावणारी नसतात. घाट संपायच्या बराच आधी बॅटरी भरते, आणि त्यानंतर तुम्ही जो ब्रेक दाबता तो फक्त पॅड तापवतो. म्हणून लांब उतारावर गिअर बी वर, म्हणजे गाडीला आवरून धरणाऱ्या गिअरवर टाका, किंवा गाडीला स्टिअरिंगमागे पॅडल असतील तर त्यांनी गतिरोध वाढवा. बॅटरी भरल्यावर इंजिन पेट्रोल न जाळता नुसतं फिरून गाडीला आवरतं, तो आवाज ऐकून घाबरू नका. सपाटीवर आलात की पुन्हा डी. रोजच्या रस्त्यावर बी मध्ये चालवण्यात फायदा नाही.

यातून मोजणीचाही एक नियम निघतो. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे. पुण्याहून मुंबईला उतरतानाचं २४ चं ॲव्हरेज फोटो काढून पाठवण्यात अर्थ नाही, परतीचं धरल्याशिवाय तो आकडा अर्धवट आहे. कोकणात उतरणाऱ्या कुठल्याही घाटाला हेच लागू.

एसी, हवा, पेट्रोल

या गाड्यांचा एसी विजेवर चालतो, म्हणून सिग्नलला इंजिन बंद असतानाही गार हवा येत राहते. ती वीज छोट्या बॅटरीतूनच जाते. मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात उन्हात तापलेली गाडी गार करताना इंजिन वारंवार चालू होणारच. निघाल्यावर पहिली दोन मिनिटं काचा उघडून कोंडलेली उष्णता बाहेर जाऊ द्या, मग एसी २४-२५ वर ऑटोला ठेवा. सावलीतलं पार्किंग मिळालं तर ते कुठल्याही तंत्रापेक्षा जास्त देतं.

टायरची हवा पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली. आकडा तुम्ही सांगा, हवा भरणाऱ्यावर सोडू नका. हायब्रिडला कमी घर्षणाचे टायर येतात, बदलताना स्वस्त पण जाड नक्षीचे घेतलेत तर ॲव्हरेज खाली येतं.

पेट्रोल आता ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. जुन्या ॲव्हरेजशी तुलना करताना हे धरा. ई-२० साठी जुळवलेल्या इंजिनात घट यापेक्षा कमी असते.

ॲव्हरेज अचानक पडलं तर

वही इथे कामाला येते. एकाच रस्त्यावर, त्याच ऋतूत, दोन टाक्या सलग १० टक्क्यांहून जास्त कमी आल्या तर शोधायला लागा. आधी हवा. मग चाकं: थांबल्यावर रिमजवळ हात नेऊन बघा, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापत असेल तर ब्रेक धरतोय. मग अलाइनमेंट आणि एअर फिल्टर. शेवटी हायब्रिडची खास जागा, बॅटरीला थंड हवा आत घेणारी जाळी. ती कुठे आहे ते गाडीच्या पुस्तकात बघा. अनेक गाड्यांत ती मागच्या सीटजवळ असते आणि तिच्यावर उशी, पिशवी किंवा कुत्र्याचे केस येऊन बसतात. जाळी तुंबली की बॅटरी तापते, गाडी तिचा वापर कमी करते, आणि इंजिन जास्त चालतं. फिल्टर साफ करायला सर्व्हिसिंगला आवर्जून सांगा, दर वेळी तो यादीत असेलच असं नाही. हाय व्होल्टेजच्या केशरी वायरींना मात्र घरी हात लावायचा नाही.

बॅटरीबद्दल शंका असेल तर वॉरंटी बघा. टोयोटा आणि होंडा हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात.

घ्यायच्या आधीचं गणित

समजा हायब्रिड मॉडेल त्याच गाडीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा दोन लाखांनी महाग आहे आणि तुमचं महिन्याचं चालवणं १,००० किलोमीटर. सगळं शहरात, पेट्रोल गाडी ११ आणि हायब्रिड १९ देणार असेल, तर महिन्याला ३८ लिटर वाचतात. १०४ रुपयांनी जवळपास ४,००० रुपये. दोन लाख चार वर्षं दोन महिन्यांत भरून निघतात. तेच सगळं हायवेवर, १५ विरुद्ध १९ असेल, तर १४ लिटर, साधारण १,४६० रुपये, आणि अकरा वर्षांहून जास्त. गाडी तीच, किंमत तीच.

म्हणून तुमच्या महिन्यातले किती किलोमीटर रखडत जातात, हे आत्ताच्या गाडीवर आधी मोजा. बहुतेक हायवेवर असाल आणि महिन्याला ८०० च्या आत असाल, तर साधी पेट्रोल किंवा सीएनजी घ्या, उरलेले पैसे चांगल्या टायरवर आणि विम्यावर खर्च करा. रोज तास-दीड तास गर्दीत काढत असाल, तर शोरूमकडे टेस्ट ड्राइव्ह मागा. पण त्यांच्या ठरलेल्या मोकळ्या रस्त्यावर नको. संध्याकाळी सहाला, तुमच्या ऑफिसपासून घरापर्यंत, एसी लावून. पहिली दहा मिनिटं इंजिन गरम होऊ द्या, मग ट्रिप शून्यावर आणा आणि घरी पोचल्यावर आकडा वाचा. त्यातून पाच टक्के वजा करा आणि वरच्या गणितात १९ च्या जागी तो घाला.